नायसेच्या दोन तीरांवरचे पाय

जर्मनीला जाऊन काय पाहिलंत, असं मला सगळे विचारतात. खरं उत्तर आहे: पाय. राजवाडे, संग्रहालयं, गाड्यांचे कारखाने हे सगळं तिथे आहे म्हणतात. मी पाहिले ते म्हाताऱ्या माणसांचे तळवे. रांगेने, आणि दोन देशांचे.

याला कारण माझं काम. मिरजेच्या एका दवाखान्यात मी मधुमेहाच्या पेशंटांना सल्ला देते. काय खावं, सुई कशी टोचावी, चप्पल कसली घालावी. आमचे निम्मे पेशंट कर्नाटकातून येतात, त्यामुळे हद्दीवरचं दुखणं काय असतं ते मला पुस्तकात वाचावं लागत नाही. माणूस एका राज्यात, डॉक्टर दुसऱ्या राज्यात आणि औषधाची चिठ्ठी तिसऱ्याच भाषेत.

माझी धाकटी नणंद मीनल फिजिओथेरपिस्ट आहे. जर्मनीच्या अगदी पूर्वेच्या टोकाला ग्योर्लित्स नावाचं गाव आहे, तिथे ती लग्न करून गेली. गावाच्या कडेने नायसे नदी वाहते आणि नदीपलीकडे पोलंड. दोन्ही काठांवरच्या मधुमेहींचा मिळून तिथे एक गट चालतो, त्यात मीनल मदत करते. "वहिनी, तू एकदा येऊन बघच," असं ती दर दिवाळीला फोनवर म्हणायची. यंदा तिकडच्या उन्हाळ्यात आमच्या डॉक्टरांनी रजा दिली, परत आल्यावर सगळ्यांना नीट सांगायचं या बोलीवर. तेच करते आहे.

सुरुवात मुंबईच्या विमानतळावर झाली. माझ्या पर्समध्ये ट्यूनिंग फोर्क होता. पायाची जाणीव शाबूत आहे की नाही हे बघायला आम्ही तो वापरतो, त्यामुळे पर्समध्ये कंगवा नसला तरी तो असतो. तपासणीच्या पट्ट्यावर पर्स अडली. जवानाने तो दुतोंडी लोखंडी तुकडा उचलून हे काय म्हणून विचारलं. मी तो कोपरावर आपटला आणि त्याच्या मनगटाच्या हाडावर टेकवला. "थरथर लागते?" "लागते." "मग तुझ्या नसा ठणठणीत आहेत." तो हसला, आणि मग आवाज खाली आणून म्हणाला, "मॅडम, माझ्या वडिलांच्या पायाला मुंग्या येतात." तिथेच उभ्याउभ्या मी त्याला सगळं समजावलं. मागची रांग काय बोलत होती ते इथे लिहिण्यासारखं नाही. फोर्क मात्र माझ्याबरोबर जर्मनीला आला.

पूल

ग्योर्लित्स जुनं आणि देखणं गाव आहे. रंगीत घरं, दगडी रस्ते. दगडी रस्ते फोटोला चांगले आणि पायांना वाईट. पहिल्याच संध्याकाळी माझ्या बॅगेचं एक चाक त्यात गेलं.

मीनलचा नवरा योर्ग तिथलाच, खिडक्या-दारं बसवण्याचा त्याचा व्यवसाय आहे. घरचा जावई म्हणून मी त्याला पहिल्यापासून योर्गराव म्हणते. ते त्याला इतकं आवडलं आहे की मोबाईलमध्ये त्याने आपलं नाव तसंच घातलं आहे.

दुसऱ्या दिवशी मीनल मला पुलावर घेऊन गेली. मी पासपोर्ट हातात काढून धरला होता. कृष्णेच्या मानाने नायसे म्हणजे ओढाच. त्यावर पायी चालणाऱ्यांसाठी आणि सायकलवाल्यांसाठी एक पूल. आम्ही चाललो, संपला. कोणी विचारलं नाही, थांबवलं नाही.

"आलं पोलंड," मीनल म्हणाली.

"एवढंच?"

"एवढंच. ठेव आता तो पासपोर्ट, लोक बघतायत."

आमच्याकडे म्हैसाळ ओलांडून कर्नाटकातल्या कागवाडला जाताना याहून जास्त जाणवतं की आपण कुठेतरी निघालो आहोत. पण पाट्या बदलल्या, पैसे बदलले, भाषा तर संपूर्ण बदलली. जर्मन माणसं सिगारेटी घ्यायला आणि केस कापायला इकडे येतात. पोलिश माणसं कामाला तिकडे जातात. केक, ब्रेड आणि बटाटा दोन्हीकडे सारखाच, त्यामुळे साखरही सारखीच वाढते. फरक पडतो तो आजारी पडल्यावर. मग अचानक नदी रुंद होते. तिकडच्या डॉक्टरचा कागद इकडच्या डॉक्टरला वाचता येत नाही आणि इकडची नर्स तिकडच्या आजीशी बोलू शकत नाही.

रविवारी दुपारी चहाच्या वेळेला तिथे कॉफी आणि केक असतो. हा नियमच आहे, घरोघरी. योर्गरावांनी स्वतः केलेला श्ट्रॉयझेलकूखन होता, म्हणजे वर लोण्याचा आणि साखरेचा भुगा भाजलेला पातळ केक. वासाने माझं लक्ष उडालं होतं. त्यांनी विचारलं, "केक?" मी म्हटलं, "नको, नको." आपण म्हणतो तसं. "गुट," म्हणजे 'बरं', असं म्हणून त्यांनी सुरी आपल्या ताटलीकडे वळवली आणि विषय संपला. मी नुसती काळी कॉफी प्यायले आणि तो केक डोळ्यांसमोर संपताना पाहिला.

स्वयंपाकघरात मीनल हसून वाकडी झाली. "अगं, मी लग्नानंतर सासरी कितीतरी दिवस अर्धपोटी असायचे. इथे नको म्हणजे नको. परत विचारणं म्हणजे तुझ्या शब्दावर विश्वास नाही, असं होतं."

संध्याकाळी फोनवर तिने माझ्या नवऱ्याला सांगितलं की मधुमेहाच्या सल्लागार बाईंनी बाणेदारपणे केक नाकारला. मी काही ते खोडून काढलं नाही.

जोड्या

त्या गटाची जमायची पद्धत साधी आहे. एका आठवड्याला जर्मन काठावर, पुढच्या आठवड्याला पोलिश काठावर. आधी सगळ्यांनी मिळून नदीकाठी चालायचं. मग हॉलमध्ये येऊन बूट-मोजे काढायचे आणि जोडीने बसायचं, एक जर्मन, एक पोलिश. आपला तळवा आपल्याला नीट दिसत नाही, आणि वय झाल्यावर, पोट सुटल्यावर तर मुळीच नाही. म्हणून समोरच्याने बघायचा. भेग, फोड, लाली, वाढलेलं नख. त्यासाठी दोघांना एकमेकांच्या भाषेतले मोजके शब्द शिकवले आहेत. त्यामुळे इथे असे जर्मन आजोबा आहेत ज्यांना पोलिशमध्ये नमस्कार म्हणता येत नाही, पण "तुमची टाच कोरडी आहे" हे अस्खलित म्हणता येतं.

मला ही कल्पना फार पटली. आपल्याकडे वडीलधाऱ्यांच्या पायाला हात लावतो तो नमस्काराला. मी दवाखान्यात एखाद्या आजोबांचा पाय मांडीवर घेतला की ते संकोचून मागे ओढतात, नाहीतर आशीर्वाद देतात. तळवा कोणीच दाखवत नाही.

गट चालवतात त्या फ्राऊ क्रेमर, म्हणजे क्रेमरबाई. जर्मन काठावरच्या पायांच्या दवाखान्यातल्या नर्स. आखूड पांढरे केस, मोठं हसू, हातात कायम नखं कापायची कात्री. त्यांना पोलिश येत नाही. ते काम मारेक करतो. मारेक पलीकडच्या गावातला, बस चालवून निवृत्त झालेला, स्वतः मधुमेही आणि बडबड्या. मी मराठीत बोलायचे, मीनल जर्मनमध्ये सांगायची, मारेक पोलिशमध्ये. माझं एक वाक्य पलीकडे पोचेपर्यंत त्याचं कीर्तन झालेलं असायचं, कारण मारेक स्वतःचं काहीतरी घालायचाच.

मी फोर्क काढला तेव्हा सगळ्यांना तो हवा झाला. मी एकेकाच्या अंगठ्यावर टेकवत चालले होते. तेवढ्यात एक बाई दिसली जिने मोजे काढलेच नव्हते.

हालिना तिचं नाव. पोलिश काठावरची, सत्तरी ओलांडलेली, ठेंगणी, गालावर उन्हाचे डाग. फ्राऊ क्रेमर तिच्याजवळ गेल्या आणि मारेकमार्फत विचारलं, "मी तुमचा पाय बघू का?"

"नको, आभारी आहे. आज थंडी वाजते आहे."

"ठीक आहे." आणि फ्राऊ क्रेमर पुढच्या जोडीकडे गेल्या.

बाहेर कडक ऊन होतं. चालताना मी हालिनाच्या मागे होते आणि ती उजवं पाऊल बाहेरच्या कडेवर टेकवत होती हे मी पाहिलं होतं. मोज्याच्या पुढच्या टोकाला ओलसर, पिवळट डागही होता. या दोन गोष्टी एका मधुमेही पायाच्या बाबतीत एकत्र दिसल्या की मोज्याच्या आत जखम आहे असंच मी धरते. अशी जखम दुखत नाही, म्हणून माणूस निवांत असतो. आणि मग एके दिवशी बोट जातं, पाऊल जातं.

मी मीनलला सांगितलं, मीनलने फ्राऊ क्रेमरना.

"मलाही शंका आहे," त्या म्हणाल्या. "मागच्या वेळीही विचारलं, त्याच्या आधीही विचारलं. नाही म्हणाल्या. हे बघा, मोठ्या बाई आहेत. पाय त्यांचा, निर्णय त्यांचा. जबरदस्ती आम्ही करत नाही."

यात काही चूक नव्हती. आमच्याकडे पेशंटला प्रश्न विचारला की उत्तर मुलगा देतो, सून देते, रिक्षावालासुद्धा देतो. पेशंटला कोणी विचारतच नाही. पण मला तो "नको" ओळखीचा वाटत होता. तो मी रविवारी स्वतःच म्हटला होता.

"दर वेळी एकदाच विचारता का?" मी विचारलं.

"एकदाच. का?"

हालिनाची बाग

शुक्रवारी हालिनाने आम्हाला बोलावलं. भारतातून पाहुणी आली आणि आपल्या गटात येऊन उपाशी गेली हे तिला चालणारं नव्हतं. मारेक आम्हाला पुलावर घ्यायला आला.

तिथे गावाबाहेर बागांचे छोटे छोटे तुकडे असतात, प्रत्येकाचा एक, त्यात एक लाकडी खोली. हालिनाचा तुकडा पुलापासून जवळच होता. काकड्या, टोमॅटो, लाल करवंदांसारखी झुपक्यांनी लटकणारी फळं आणि मधोमध चेरीचं झाड. झाडाखाली टेबल मांडलेलं, त्यावर इतकं खाणं की टेबलक्लॉथ दिसत नव्हता. आपल्या मोदकाचे चपटे भाऊ शोभतील असे उकडलेले बटाट्याचे पिएरोगी, बिटाचं गार सूप, काकडीची कोशिंबीर आणि खसखशीच्या सारणाचा गुंडाळलेला केक. मी अनारशांवरची खसखस पाहिली आहे. वाटीभर खसखस एका घासात मात्र पहिल्यांदाच खाल्ली.

तिने ताटली भरली. मी म्हटलं, "नको, नको." तिने आणखी एक वाढला. मी ताटलीवर हात धरला. तिने हात बाजूला करून वाढला. मी म्हटलं, "अहो, पुरे." तिने मारेकला काहीतरी सांगितलं.

"म्हणते आहे, हिने काहीच खाल्लं नाही, आजारी आहे का?" मारेक म्हणाला.

मी मीनलकडे पाहिलं. "मीनल, ही तर आपल्यातलीच आहे."

"वहिनी, काय करणार आहेस? तुझा चेहरा मला ओळखीचा आहे."

"हिला विचार, पाय दाखवते का."

विचारलं. हालिना लाजली. "छे छे, जेवणाच्या टेबलाशी पाय कसले बघायचे. पाहुण्यांना त्रास नको."

"सांग, त्रास नाही. मी रोज तेच बघते, त्यावर माझं पोट चालतं."

"काही झालेलं नाही. थोडंसं खरचटलं आहे. खा तुम्ही."

मी ताटली पुढे केली. "केकचा दुसरा तुकडा खाईन, पण पाय बघितल्यावर."

मारेकने हे सांगितलं आणि स्वतःचं काहीतरी जोडलं. हालिना हसायला लागली, आणि हसता हसता थांबली. मग हळू बोलली. मारेकने या वेळी काहीच न घालता सांगितलं. तिच्या थोरल्या बहिणीने असाच पाय दाखवला होता. दवाखान्यात गेली ती गुडघ्याखाली कापूनच परत आली. "आणि आत्ता काकड्या आल्या आहेत. मला दवाखान्यात ठेवलं तर सगळं वेलीवर पिवळं पडेल. हंगाम संपला की दाखवणार होते."

आमच्याकडे "शेतातली भांगलण झाली की येते" म्हणतात. तेच.

"बहिणीने कधी दाखवला होता?" मी विचारलं. "लगेच, की हंगाम संपल्यावर?"

चेरीच्या झाडावर पक्षी आले होते, मारेकने त्यांना टाळी वाजवून उडवलं. आणि मग हालिनाने खुर्ची मागे सरकवून मोजा काढला.

उजव्या अंगठ्याखाली एका रुपयाएवढी जखम होती. कडा जाड, पांढऱ्या. भोवतीची लाली पावलावर चढायला लागली होती, हात लावल्यावर ती जागा गरम लागली. अंगठ्यावर फोर्क टेकवला. "थरथर लागते?" "नाही." मी डॉक्टर नाही, पण इथे डॉक्टर आजच लागणार हे मला कळत होतं. झालं कशाने? खोलीच्या दाराशी तिचे बागेतले रबरी बूट होते. मारेकने उजवा उलटा करून झटकला. टप्पकन एक चेरीची बी बाहेर पडली. किती दिवस ती बी पायाखाली घेऊन ही बाई बागेत फिरत होती, तिलाच ठाऊक नव्हतं.

मीनलने फ्राऊ क्रेमरना फोन लावला. शुक्रवारची दुपार उलटली होती. जर्मनीत या वेळेला फायरआबेंड म्हणतात, म्हणजे काम संपलं, आता देवाचा फोन आला तरी सोमवारी. मीनलने जखमेचं वर्णन केलं. त्यांचं उत्तर आलं: "चालू देऊ नका त्यांना. डॉक्टरांना थांबवून ठेवते. या."

चालू द्यायचं नाही हे ठीक, पण पूल पायी चालणाऱ्यांचा, आणि मारेककडे गाडी नाही. मीनलने योर्गरावांना फोन केला. त्यांच्याकडे पुढे मोठी लाकडी पेटी असलेली सायकल आहे. तिच्यातून ते खिडक्यांचं सामान नेतात. ते घाम पुसत हजर झाले. पेटीत उशा टाकल्या.

हालिना म्हणाली, "नको, नको, मी जाईन चालत."

योर्गराव लगेच म्हणाले, "गुट."

"गुट नाही, योर्गराव!" मी ओरडले. "परत विचारा!"

बिचारे गोंधळले, पण त्यांनी परत विचारलं. पुन्हा नको. मीनलने खूण केली. त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं, कमरेत वाकून, आणि हालिना एखाद्या महाराणीसारखी पेटीत जाऊन बसली. मांडीवर फडक्यात बांधलेला केक. अशी ती नायसे ओलांडून जर्मनीत आली. पुलावरच्या पर्यटकांनी फोटो काढले, तिने हात हलवला.

डॉक्टरांनी जखम साफ केली, फोटो काढून हाड बघितलं. हाडापर्यंत पोचलेली नव्हती. गोळ्या, रोजचं ड्रेसिंग, अंगठ्यावर भार येऊ न देणारा बूट आणि ताकीद: पाय टेकायचा नाही. टेकला तर दवाखान्यात राहावं लागेल, आणि पुढचं सांगता येत नाही. ड्रेसिंग पलीकडच्या गावातली नर्स करेल, हे फ्राऊ क्रेमरनी मारेकमार्फत फोनवर ठरवलं. सगळं झाल्यावर त्या माझ्याकडे वळल्या.

"मला सांगा, किती वेळा विचारायचं?"

"तीनदा."

"आणि तिसऱ्यांदाही नाही म्हणाल्या तर?"

"मग नाही म्हणजे नाही."

"गेनाऊ," म्हणजे 'अगदी बरोबर', त्या म्हणाल्या. आकडा मिळाल्यावर त्यांना बरं वाटलं.

काकड्या

आता प्रश्न काकड्यांचा होता. हालिना पाय वर घेऊन घरी बसणार नाही, हे तिला ओळखणारा प्रत्येकजण सांगत होता. शेवटी पुढची सभा हॉलऐवजी तिच्या बागेतच भरवायची असं ठरलं. नदीच्या दोन्ही काठांवरची माणसं आली, बूट काढून गवतावर जोडीने बसली, पाय बघितले, मग बूट आधी झटकून (हा नवा नियम) घातले आणि काकड्या तोडायला लागली. हालिना चेरीखाली खुर्चीत, उजवा पाय स्टुलावर, आणि हातात काठी. ती काठी आधारासाठी नव्हती. "ती नको! बारकी आहे! मारेक, तुला डोळे आहेत की बटणं?"

फ्राऊ क्रेमर शिकलेला धडा लगेच वापरत होत्या. बेर्न्ड नावाचे एक जर्मन आजोबा मोजे काढायला नाही म्हणाले. बाईंनी दुसऱ्यांदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं. आजोबा लाल झाले. "मी एकदा सांगितलं ना! मला ऐकू येतं, तुम्हाला येत नाही का?" मग मी फ्राऊ क्रेमरना म्हटलं की हा नियम काठ बघून लावायचा. त्यावर त्या म्हणाल्या की हे आधी सांगायला हवं होतं. बरोबर होतं त्यांचं.

मी निघाले तेव्हा हालिनाची लाली उतरली होती, पण जखम उघडीच होती. आमच्या कामात अशा वेळी कोणी काही वचन देत नाही. मीही दिलं नाही. तिने मला खारवलेल्या काकड्यांची बरणी दिली. ती फ्रँकफर्टच्या विमानतळावर पाण्यासकट जप्त झाली, आणि तिथे मात्र मी तीनदा विचारूनही काही उपयोग झाला नाही.

मिरजेला आल्यावर मी आमच्या ओपीडीत बाकं समोरासमोर मांडली आणि जोड्या सुरू केल्या. मराठी बाई, कन्नड बाई. पहिल्या आठवड्यात कोणी चप्पल काढेना. दोनदा विचारलं, तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा काढल्या.

परवा सकाळी बाकं भरलेली असताना मीनलचा फोटो आला. हालिनाचा उजवा तळवा. अंगठ्याखाली गुलाबी, नवी, मिटलेली कातडी. खाली मीनलने लिहिलं होतं: भरली. मी तो फोन सगळ्यांमधून फिरवला. बेडगच्या पारूबाईंनी तो डोळ्यांजवळ धरला, मग लांब धरला.

"कुणाचा म्हनायचा हा पाय?"

"पोलंडच्या बाईचा. कापायची वेळ आली असती, वाचला."

"ब्येस झालं." मग त्यांनी फोन शेजारच्या कागवाडच्या बाईंना दाखवला, दोघींनी माना हलवल्या, आणि पारूबाई म्हणाल्या, "पर म्याडम, टाचंला भेगा पडल्यात की ओ हिच्या. आमसुलाचं तेल लावाय सांगा की."

खरंच पडल्या होत्या. ते तेल घट्ट गोळ्यात मिळतं, एक गोळा मी काल पोस्टाने पाठवला.